काय खाल्लंय? दारातल्या विषारी झाडांची ओळख आणि पहिल्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी

पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवत होते. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर सातवीतली पाच पोरं एकामागून एक ओकायला लागली. कुंपणाच्या झाडाच्या बिया त्यांनी फोडून खाल्ल्या होत्या. "बाई, शेंगदाण्यागत लागत्यात," असं त्यातला एक जण पोट धरून सांगत होता. कुणीतरी मिठाचं पाणी करून आणलं, दोघांना पाजलंही. मिळेल त्या जीपने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंय?"

मी म्हणाले, एरंड. आमचे शिपाईमामा म्हणाले, "एरंड नव्हं, चंद्रज्योत." एका पोराने तिसरंच नाव सांगितलं, मोगली. बी मात्र कुणीच बरोबर आणलं नव्हतं. शेवटी एकाला मोटारसायकलवरून शाळेत पिटाळलं आणि फांदी मागवली. यात चाळीस मिनिटं गेली. ते मोगली एरंड निघालं, म्हणजेच चंद्रज्योत. पोरांना सलाईन लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. पण साधा एरंड असता, तर त्या चाळीस मिनिटांची किंमत वेगळी झाली असती. ते कुंपण मी रोज ओलांडत होते.

तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे हे सांगत आले आहे. विषबाधेत डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याचं उत्तर घरातच तयार पाहिजे. पुढे लिहिलंय ते त्या उत्तराच्या तयारीसाठी.

आधी वही घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा

रविवारी सकाळचा एक तास पुरतो. दार, परस, गच्चीवरच्या कुंड्या, शेजाऱ्याच्या भिंतीवरून आपल्याकडे लवलेल्या फांद्या, मुलं खेळतात ती मोकळी जागा, शाळेची वाट, शेताचा बांध, सगळीकडे फिरा. प्रत्येक झाडाचे तीन फोटो काढा: अख्खं झाड, पानं फांदीला कशी जोडली आहेत ते जवळून, आणि फूल किंवा फळ. वहीत नाव लिहा. नाव माहीत नसेल तर तसं लिहा आणि त्या झाडाची ओळख पटवून घ्या. गावातली जाणती माणसं, रोपवाटिकेतले माळी, जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतीशास्त्र विभाग, यांपैकी कुणीही मदत करतं. कोल्हापूर शहरात असाल तर शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचा विभाग आहे. फांदी हातात घेऊन गेलात तर ओळख लवकर पटते. मोबाइलच्या ॲपवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. एका कुळातल्या दोन झाडांत ते सहज चुकतं, आणि इथे नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

एका नावाची दोन झाडं

खरा घोटाळा आपल्या नावांत आहे. तीन जोड्या पक्क्या करा.

पहिली जोडी कण्हेर आणि पिवळी कण्हेर. करवीर हे आपल्या कोल्हापूरचं जुनं नाव, आणि संस्कृतात कण्हेरीलाही करवीरच म्हणतात. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची कण्हेर देवळाबाहेर, अंगणात, बंगल्याच्या फाटकाशी असते. महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात ती लावतात, कारण तिला पाणी कमी लागतं, धूर-धूळ सोसते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. तिची पानं जाड, चामड्यासारखी, एका पेरावर तीन-तीन असतात. पिवळ्या कण्हेरीला आपण बिट्टी म्हणतो. पानं अरुंद आणि एकेकटी, फूल पिवळ्या घंटेसारखं, फळ हिरवं आणि कंगोरेदार. आतल्या टणक बियांनी आपण सगळेच लहानपणी खेळलोय. दोन्ही झाडांत हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. पान, फूल, साल, बी, मूळ, काहीच सुरक्षित नाही, आणि वाळवून किंवा उकळून विष जात नाही. मळमळ, उलट्या, पोटात कळ यांपासून सुरुवात होते. मग नाडी मंदावते, ठोके चुकायला लागतात. या जोडीत नावाची गल्लत झाली तरी उपचारांची दिशा बदलत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

दुसरी जोडी धोतरा आणि पिवळा धोतरा. इथे नाव चुकलं तर सगळंच चुकतं. धोतरा म्हणजे महादेवाला वाहतो तो. लांब कर्ण्यासारखं पांढरं किंवा जांभळट फूल आणि काटेरी गोल फळ. बागेत खाली लोंबणाऱ्या मोठ्या कर्ण्याच्या फुलांचं शोभेचं झाड असतं, तेही याच्याच नात्यातलं आणि तितकंच विषारी. धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन, स्कोपोलामिन अशी द्रव्यं असतात. अर्ध्या-एक तासात तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापून लाल होतं, छाती धडधडते, लघवी अडते, आणि माणूस बरळायला लागतो. नसलेली माणसं दिसतात, हवेतल्या वस्तू पकडायला हात जातो. अशा माणसाला बाहेरची बाधा झाली असं समजून अंगारा लावत बसल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ते पाहताना जीव तुटतो, कारण ही लक्षणं डॉक्टरांना ओळखता येतात आणि वेळेत नेलं तर बहुतेक माणसं वाचतात.

पिवळा धोतरा या कुळातलाच नाही. पडीक रानात, बांधावर उगवतो, पानांना काटे आणि पांढऱ्या शिरा, फूल पिवळं, तोडलं की पिवळा चीक. त्याचं बी मोहरीसारखं बारीक, काळं. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली की पाय सुजतात, दम लागतो, हृदय थकतं. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने मोठी साथ आली होती आणि कितीतरी माणसं दगावली. आपण मोहरीचं तेल फारसं खात नाही, पण घरची मोहरी पिकवत असाल तर बांधावरचा पिवळा धोतरा फुलण्याआधीच उपटून टाका.

तिसरी जोडी एरंड आणि मोगली एरंड, आमच्या शाळेला नडली ती. एरंडाची पानं हाताच्या पसरलेल्या बोटांसारखी खोल फाटलेली, कडा करवती, फळावर मऊ काटे, बी नक्षीदार ठिपक्यांचं. मोगली एरंडाची पानं जवळजवळ बदामाच्या आकाराची, फळ गुळगुळीत, बी काळं. दोन्हींनी उलट्या-जुलाब होतात. पण एरंडाच्या बीतलं रायसिन पेशींतली प्रथिनं तयार होण्याची क्रियाच बंद पाडतं. त्याचा परिणाम कधी कधी बऱ्याच तासांनी दिसतो, आणि तो मूत्रपिंडापर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो. बी न चावता गिळलं तर कठीण कवचामुळे ते बऱ्याचदा तसंच बाहेर पडतं. चावलं की धोका. म्हणून डॉक्टर "चावून खाल्लं की गिळलं?" असं विचारतात. तेल काढताना रायसिन पेंडीत राहतं, म्हणून एरंडेल वेगळं आणि एरंडाची पेंड वेगळी. कुंडीत खत म्हणून पेंड घालत असाल तर ती मातीत नीट मिसळा. कुत्री वासाने उकरून खातात.

जोडीत न बसणारी पण पोरांच्या हाती लागणारी गुंज. लाल बी, एका टोकाला काळा ठिपका. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पूर्वी सोनं हिनेच तोलायचे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिचा पाला विड्यात घालतात, म्हणून वेल निरुपद्रवी वाटतो. बीत मात्र रायसिनच्याच जातीचं ॲब्रिन आहे. अखंड बीला टणक कवच असतं, पण माळेसाठी भोक पाडलं की ते संरक्षण गेलं. गुंजांच्या माळा, बांगड्या, रोपांच्या मुळाशी शोभेला टाकलेल्या गुंजा, लहान मूल असलेल्या घरात नकोतच.

काय ठेवायचं, काय काढायचं

सगळी झाडं तोडा, असं मी सांगणार नाही. माझ्या फाटकाशी आजही कण्हेर आहे. पण बिट्टी मी काढली, कारण तिचं फळ खाली पडतं आणि पोरांच्या खेळात येतं. माझी कसोटी इतकीच: रांगणाऱ्या मुलाचा हात पोचतो का, फळ किंवा बी खाली पडतं का, आणि चवीला ते गोड किंवा खमंग लागतं का. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ते झाड अंगणात नको. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या कुंपणाला मोगली एरंड, एरंड, बिट्टी आणि शेर, चारही नकोत. ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

काढताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा घाला. शेर, निवडुंग, रुई तोडताना चीक उडतो. कापलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. वाळलेली कण्हेर हिरवीइतकीच विषारी असते आणि चाऱ्यात मिसळली तर गाय-म्हैस दगावते. जाळूही नका, धूर नाकाघशात जातो. शेतात रश्श्याचा बेत असतो तेव्हा चुलीला हाताला येईल ते सरपण लावतात. कण्हेरीची काटकी त्यात जाऊ देऊ नका, आणि तिच्या फांदीने रस्सा ढवळू नका. खोल खड्डा काढून पुरणं हा सगळ्यांत चांगला मार्ग.

दिवाणखान्यातल्या कुंड्यांकडेही बघा. डिफेनबेकिया, मनीप्लांट, पीस लिली यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. मुलाने पान चावलं की तोंडात आग होते, जीभ-ओठ सुजतात, लाळ गळते. अळू खाजतो त्याचंही कारण हेच. सहसा जिवावर बेतत नाही, पण सूज घशापर्यंत गेली आणि श्वासाला त्रास व्हायला लागला तर थांबू नका. या कुंड्या वरच्या फळीवर ठेवा.

सणावारांची पत्री

गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतरा, रुई आणि कण्हेर आहेत. पूर्वजांनी त्या देवाला वाहायला सांगितल्या, खायला नाही. पत्री वेगळ्या टोपलीत ठेवा. दूर्वा, तुळस आणि नैवेद्याची पानं त्यांत मिसळू नका. पूजा झाल्यावर निर्माल्य गाईला घालण्याची सवय मोडा. आपल्याकडे पंचगंगेसाठी निर्माल्य कुंडात टाकण्याची सवय लोकांना लागली आहे, तीच इथेही उपयोगी पडते.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करता ना? रुईचा चीक बोटाला लागतो आणि तेच बोट डोळ्याला जातं. या चिकाची एक वाईट खोड आहे. तो बुबुळाला बधिर करतो, त्यामुळे डोळा फारसा दुखत नाही, फक्त नजर धूसर होते. दुखत नाही म्हणून माणूस दोन दिवस काढतो आणि बुबुळ सुजून बसतं. माळ ओवून झाली की आधी साबणाने हात. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. शेराच्या चिकाचंही हेच, तो मात्र भयंकर झोंबतो.

पावसाळ्यातलं रान

रानभाज्या खाव्यात, मी आवडीने खाते. पण भाजी ओळखणाऱ्याच्या हातचीच. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळ्याच्या उतारावर श्रावणात कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. पानाचं टोक सुतळीसारखं वळून आधार धरतं, ही खूण विसरू नका. फुलाने कुणी फसत नाही. फसवतो तो कंद. वेल वाळल्यावर रताळं किंवा कोनफळ समजून तो उकरला जातो. त्यात कोल्चिसिन आहे, आणि या पानावरचं सगळ्यांत कपटी विष मी त्यालाच म्हणेन. पुढे त्याच्याकडे परत येते.

घाट उतरून कोकणात गेलात तर काजऱ्याचं पिकलेलं फळ नारंगीसारखं दिसतं. त्याच्या बियांतल्या स्ट्रिकनीनने अंगाला झटके येतात. वेचणीला मुलं बरोबर असतील तर "विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही" हा एकच नियम, आणि तो मोठ्यांनीही पाळायचा. पालेभाजीच्या शेतातही तण म्हणून धोतरा उगवतो. माठ, पालक निवडताना अनोळखी पान दिसलं तर जुडी तशीच चिरू नका.

बिब्बा उततो हे घरोघरी ठाऊक आहे, तरी दुखऱ्या गुडघ्यावर त्याचं तेल लावून अंगभर फोड आलेली माणसं दरवर्षी दिसतात. तेल अंगाला लागलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, फोड आले तर फोडू नका. गाजरगवत पोटात जाऊन मारत नाही, पण उपटणाऱ्याच्या मानेला, चेहऱ्याला इसब येऊन वर्षानुवर्षं राहतं. ते फुलाआधी, हातमोजे घालून, पाऊस पडून गेल्यावर उपटा.

स्वयंपाकघरातला दुधी

रंकाळ्यावर फिरून आल्यावर दुधीचा रस पिणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन वाढलेलं असतं, आणि शिजवून ते हटत नाही. कडू रस प्यायल्यावर रक्ताच्या उलट्या, रक्तदाब घसरणं, आणि मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. उपाय सोपा आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाका. त्यात दुसरा रस मिसळू नका, कडूपणा झाकला जातो. "औषध कडूच असतं" हे इथे लागू नाही.

घडलंच तर

तोंडातला उरलेला भाग बोटाने काढा, पाण्याने चूळ भरायला लावा. त्वचेवर चीक असेल तर धुवा. घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहा.

उलटी करवू नका. घशात बोट नको, मिठाचं पाणी तर मुळीच नको. आमच्या दोघा पोरांना ते पाजलं गेलं होतं. लहान मुलाच्या रक्तातलं मीठ त्याने इतकं वाढू शकतं की त्याच पाण्याने झटके येतात आणि जीव जातो. दूध, ताक, तूप, लिंबू, कोळशाची पूड, काही नको. दवाखान्यात देतात तो कोळसा खास तयार केलेला असतो, चुलीतला नव्हे. गुंगी असेल तर पाण्याचा घोटही देऊ नका, कुशीवर वळवून झोपवा म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. पान चावून फक्त तोंडाची आग होत असेल तर थंड पाणी किंवा थोडं दूध चालतं, अपवाद एवढाच.

१०८ ला फोन करा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला झाडाकडे पाठवा. पान, फूल, फळ, बी असलेली फांदी, चावून टाकलेले तुकडे, आणि उलटी झाली असेल तर झाकणाच्या डब्यात तिचा नमुना, सगळं बरोबर घ्या. बरोबर खेळणाऱ्या बाकीच्या मुलांना रागावू नका. रागावलं की पोरं खरं बोलत नाहीत, आणि तेव्हा किती जणांनी खाल्लं हे कळणं सगळ्यांत गरजेचं असतं.

गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर आहे. थेट शहर गाठायच्या नादात वाटेतलं आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय ओलांडू नका. तिथे सलाईन लावून, नाडी बघून पुढे पाठवतात. शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, सरकारी आहे. कण्हेर किंवा बिट्टी असेल तर हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढता येईल अशा ठिकाणी पोचणं महत्त्वाचं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. डॉक्टरांनाही त्यांच्याशी बोलता येतं. हा क्रमांक आणि १०८, दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

डॉक्टरांना या क्रमाने सांगा: कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, चावलं की गिळलं, अंदाजे किती, किती वाजता, त्यानंतर काय काय झालं, घरी काय पाजलं. मुद्दाम खाल्लं असण्याची शंका असेल तर तेही स्पष्ट सांगा, लाजेपायी लपवू नका. अशा माणसाला उपचारांइतकीच बोलणाऱ्या माणसाची गरज असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही कुणीतरी भेटतं.

आणि आता ती कळलावी. कंद खाल्ल्यावर काही तासांनी जोराच्या उलट्या-जुलाब होतात. मग ते थांबतात, माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, चला, उतरलं. खरं तर त्याच दिवसांत विष हाडांतल्या मगजापर्यंत पोचून रक्तपेशी तयार होणं थांबवत असतं, आणि दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान प्रकृती ढासळते. बिट्टीतही ठोके उशिरा बिघडतात, म्हणून किमान एक दिवस हृदयावर लक्ष ठेवतात. पेशंट हसत-बोलत असला तरी सही करून त्याला घरी आणू नका. डॉक्टर रक्त पुन्हा तपासायचं म्हणाले तर तपासू द्या, आणि घरी सोडल्यावरही कागदावर लिहिलेल्या तारखेला परत घेऊन जा.